शिफ्टवाल्याच्या घरातली शांतता

आधी तिचं सांगतो, काय झालं ते मग. रामवाडीत आमच्या खोलीपासून चार घरं सोडून एक बाई पोह्याच्या पापडांचं काम चालवते. खाडीकडच्या मिठागरवाल्या घरातली. साठीची, गुडघे गेलेली, आवाज असा की हालहवाल विचारली तरी भांडतेय असं वाटावं. सगळे तिला मावशी म्हणतात. मी कितीतरी वर्षं तिच्या पाठीमागे तिला पापडवाली म्हणत होतो. माझी मुलगी आज जिवंत आहे आणि माझ्यावर वैतागते आहे, ते या बाईमुळे. डॉक्टर, गोळ्या, आम्ही आईबाप, सगळे नंतर आलो. पहिली ती आली.

आता माझं. मी बुलढाण्याकडचा. सातवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि जिथे काम मिळालं तिथे सरकत सरकत इकडे आलो. रोह्याजवळ एका केमिकल कंपनीत ऑपरेटरच्या हाताखाली आहे. कंपनीची बस रामवाडीच्या नाक्यावरून आम्हाला उचलते. राहायला पेण का, तर इथे कॉलेज बरं असं कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं. मला तेव्हा कुणीही काहीही सांगितलेलं पटायचं. फक्त बायकोचं सोडून.

शिफ्टवाल्याचं घर कसं असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा घरातला एक माणूस दिवसा झोपतो, आणि सगळं घर त्याच्या झोपेभोवती चवड्यांवर चालतं. खिडकीला जाड चादर. कुकर शेजारणीकडे लावायचा, शिट्टी नको म्हणून. मुलगी चालायला लागली तेव्हा मी तिचे पैंजण काढून ठेवायला लावले होते. ‘बाबा झोपलेत’ हे तिचं पहिलं पूर्ण वाक्य. पाहुण्यांना मी हे कौतुकानं सांगायचो. पाहुणेही हसायचे. मूर्खाला मूर्ख श्रोते मिळायला वेळ लागत नाही.

तर अकरावीत ती गप्प झाली तेव्हा आमच्या घरात काही बिघडलं आहे हे दिसायला जागाच नव्हती. आमच्याकडे गप्प राहणं हा गुण होता. ती दुपारी दोनपर्यंत झोपायला लागली. आमच्याकडे दिवसा झोपण्यात नवल नव्हतं. आमच्यासोबत जेवायला बसेना. आम्ही तिघं एका वेळी कधी बसलोच नव्हतो. मी पहिल्या पाळीला असलो तरी खिडकीवरची चादर तशीच राहू लागली. मी म्हटलं, बरंय, ऊन येत नाही. दुसऱ्या कुठल्या घरात हे चार दिवसांत डोळ्यात आलं असतं. आमच्या घरात तो कायदाच होता, आणि कायदा मीच केलेला.

आधी ती फार बोलायची. कंपनीत आम्हाला कागद भरून द्यायचे असतात, अपघात होता होता टळला तर त्याचा. वॉशर सैल होता, पायरीवर तेल सांडलं होतं, असलं काही. मी घरी बसून भरायचो आणि ती माझ्या वाक्यांना हसायची. “बाबा, हे वाचून साहेबाला वाटेल पायरीच तुमच्या अंगावर आली.” मी चिडायचो. मग ती हसायची बंद झाली, कागद न बघता परत द्यायला लागली, आणि मी बायकोला म्हटलं, “पोरगी सुधारली बघ. उलट बोलत नाही आता.”

त्याच वर्षी मला असे सगळ्यात जास्त कागद भरल्याबद्दल पाण्याची बाटली बक्षीस मिळाली. हातात बाटली धरून फोटो. मोठी गळती व्हायच्या आधी बारीक वास येतो, तो आला की लगेच सांगायचं, हे मी नव्या पोरांना उभं राहून शिकवत होतो. आणि घरी येऊन जाड चादरीआड झोपत होतो.

तिनं आपल्या वस्तू द्यायला सुरुवात केली. आधी रंगांची पेटी, जी तिनं दहावीत माझ्याकडे हट्ट करून घेतली होती, ती मावशीच्या नातीला. मग कानातले. मग एक नवा ड्रेस, एकदाच घातलेला. मी म्हटलं, दिलदार आहे, माझ्यावर गेली. हे वाक्य आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

बायकोनं दोनदा सांगितलं. पहिल्यांदा, “अहो, पोरीचं काहीतरी चुकतंय. केस विंचरत नाही.” मी म्हटलं, “तुझे लाड चुकतायत.” दुसऱ्यांदा तिनं गावाला फोन लावून माझ्या आईला सांगितलं, म्हणजे मी ऐकेन म्हणून. आई म्हणाली, “पोरीले नजर लागली असन. मीठमोहऱ्या उतरव.” मी मीठमोहऱ्याही उतरवल्या नाहीत. त्यापेक्षा हुशार आहोत असं मला वाटत होतं. मी तिचा मोबाईल तपासला. मला आजार नको होता, आरोपी हवा होता. एखादा पोरगा, त्याचं नाव, त्याचा बाप. तिच्या मोबाईलमध्ये मैत्रिणींचे मेसेज होते, न वाचलेले, ढिगानं. ‘कुठे आहेस’, ‘ये ना’, ‘रागावलीस का’. एकालाही उत्तर नाही. हे पाहून मला हायसं वाटलं. पोरगा नव्हता ना!

मेव्हणा पुण्यात असतो, सगळ्यातलं कळतं त्याला. त्यानं व्हिडिओ पाठवले: सुटाबुटातला माणूस स्टेजवर ओरडतोय, उठा, धावा. मी ते तिच्या मोबाईलवर पाठवले. अंथरुणातून उठायला जिला दोन तास लागतात तिला. क्लासचे सर म्हणाले, “फोकस नाही. सायन्स झेपत नसेल तर लाईन बदला.” पोरगी आहे की ड्रेनेजचा पाईप, लाईन बदलायला? पण हे मला आता सुचतं. तेव्हा मी मान डोलावून आलो आणि घरी तिला म्हटलं, “मला सातवीच्या पुढे जाता आलं नाही. तुला सगळं दिलं. काय कमी आहे तुला?”

ती म्हणाली, “काहीच नाही.”

खरं उत्तर होतं ते. मी ते माझ्या बाजूचं समजलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी फर्मान काढलं: घरात लोळायचं नाही, आईबरोबर पापडाला जायचं. बायको तिथे सकाळी लाटायला बसायचीच. पोह्याचं पीठ मुसळानं कुटायचं, तेलाच्या हातानं मळायचं, लाट्या पाडायच्या आणि पोळपाटावर असा पातळ लाटायचा की खालची बोटं दिसली पाहिजेत. आठ-दहा बायका गोल करून बसतात. तोंडं हातांपेक्षा जास्त चालतात. एकजण म्हणायची, “आमचा नवरा कच्चाच बरा. भाजला की वाकडा व्हतो.” दुसरी म्हणायची, “तुझा वाकडा तरी व्हतो. आमचा पोळपाटालाच चिकटून बसलाय.” मग सगळ्या हसायच्या.

माझी पोरगीही हसायची. बायकोला तेवढ्यावर बरं वाटायला लागलं होतं. मावशीला वाटलं नाही. तिनं काय पाहिलं ते पुढं बायकोनं मला सांगितलं: पोरगी सगळ्यांच्या मागून हसायची. आधी इकडे-तिकडे बघायची, बाकीच्या हसतायत का ते, आणि मग ओठ पसरायची. आणि डबा. दुपारी डबे फिरायचे, हिची भाजी तिला. पोरगी सगळ्यांना वाढायची आणि स्वतः रिकामं ताट विसळायला उठायची. चार दिवस मावशीनं हे नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी दोघी-तिघींना वाळत घातलेली मिरगुंडं उलटायला गच्चीवर पाठवलं, बाकीच्यांना चहाला, आणि पोरीच्या समोर पीठ घेऊन बसली. माझी बायको दारात होती.

“काय गो, तू आमाला बघून हसतेस. तुला सोताला हसू येतं काय?”

“नाय.” घरात आमची बोली बोलणारी पोर बाहेर इथली बोलते.

“झोप?”

“झोप येते. उठावंसं वाटत नाय.”

“आनि रंगाची पेटी दिलीस नातीला. परत नको तुला?”

“मला काय करायचीय.”

मावशीचा हात पिठात चालूच होता. पिठात मीठ घातलं का असं विचारावं तशा आवाजात तिनं विचारलं, “मरावं असं वाटतं काय गो तुला?”

पोरगी म्हणाली, “व्हय.”

बायको सांगते की तिला तिथेच किंचाळायचं होतं. मावशीनं हात वर करून तिला दारातच थांबवलं. मावशी रडली नाही, देवाची शपथ घातली नाही, आईबापाचा विचार कर म्हणाली नाही. म्हणाली, “बरं केलंस सांगितलंस. लय दिवस एकटीनं उचललंस. आता माझ्यासंगं बस, उठू नको.” मग हळूहळू विचारत राहिली, कधीपासून, कधी जास्त वाटतं, आज वाटतंय का. आणि मग बायकोला म्हणाली, “तिला एकटी सोडायची नाय. नळावर गेली तरी संगं जा. नवऱ्याला बोलव.”

नवऱ्याचा मोबाईल गेटवर जमा. आमच्या कंपनीत आत फोन नेता येत नाही, ठिणगीचं भय. मावशीनं कुठून कुठून नंबर काढून गेटवर फोन लावला आणि वॉचमनला अशी झाडली की तो धावत आत आला. “घरून फोन आहे. कुणी बाई आहे, लय डेंजर.” मी गेटवर जाऊन ऐकलं. “पोरीचा जीव बरा नाय. आत्ता ये. शिफ्ट सुटायची वाट बघू नको.” एवढंच.

कंपनीची बस तेव्हा कुठली. रोहा स्टेशनवरून दुपारची पॅसेंजर धरली. निडी स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली. बाहेर उन्हात एक म्हातारा कलिंगडं विकत होता, त्याला घाई नव्हती आणि गाडीलाही नव्हती. खरं तर मी घाबरलो होतो. पण माणूस घाबरला की आधी चिडतो, निदान माझ्यासारखा. निडीला थांबलेल्या त्या वेळात मी एक भाषण तयार केलं. मी तेराव्या वर्षी विटा वाहिल्या. मला कुणी विचारलं नाही कसं वाटतं म्हणून. आम्हाला नाही झालं डिप्रेशन. असं ते भाषण. पेण येईपर्यंत पाठ झालं होतं.

पापडाच्या खोलीत शिरलो तर पोरगी मावशीच्या मांडीला मांडी लावून लाट्या पाडत होती. बायको भिंतीला टेकून बसली होती. मावशीनं काय विचारलं आणि पोरगी काय म्हणाली ते बायकोनं तुटक तुटक सांगितलं. आणि मी काय केलं? मी मावशीवर ओरडलो.

“असलं विचारतात का पोरीला? काय भरवलंत तिच्या डोक्यात?”

“डोकं भरलेलंच व्हतं, दादा. मी झाकण काढलं.”

“तिला सुचलं नसतं, तुम्ही सुचवलंत!”

मावशीनं माझ्याकडे वर मान करून पाहिलं. तसं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं आणि मी त्याच लायकीचा होतो. “कंपनीत कामाला हायस ना? वास येतो काय असं कोणी इचारलं, म्हणून पाईप गळतो काय रं?”

भाषण होतं, पण ते या प्रश्नाला पुरत नव्हतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात पोरगी बोलली. माझ्याकडे न बघता, लाटी बोटात फिरवत.

“बाबांची झोप झाली नसेल. तुम्ही जा झोपायला, बाबा. मी गडबड नाही करत.”

सोळा वर्षांची मुलगी. मरावंसं वाटतं असं सांगून बसलेली. आणि तिला काळजी कसली, तर माझ्या झोपेची. मी तिथेच पिठाच्या गोणीवर बसलो. अख्ख्या जन्मात मी तिला एकच गोष्ट नीट शिकवली होती आणि ती तिनं शेवटपर्यंत पाळायचं ठरवलं होतं.

त्या दिवशी तिला आम्ही एकटं सोडलं नाही. मावशी आमच्याच खोलीत राहिली आणि सकाळी पीठ तसंच झाकून ठेवून आमच्याबरोबर एसटीनं अलिबागला आली, गुडघ्यांसकट. तिथे सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात हे तिला माहीत होतं. मी विचारलं कसं माहीत. म्हणाली, “एकीला मी इचारलं नवतं. मागून कळलं कुटं नेतात ते.”

डॉक्टरीणबाईंनी आधी मला बाहेर बसवलं. मुलीशी एकटीशी बोलायचं होतं. मला अपमान वाटला. एवढं सगळं होऊनही माझ्यात अपमान वाटायला जागा शिल्लक होती. मग आत बोलावून विचारलं, “कधीपासून असं?” मी हिशेब लावू लागलो, मागच्या सेकंड शिफ्टला जेवत होती, त्याच्या आधीच्या नाईटला... बाई म्हणाल्या, “शिफ्ट नको, महिने सांगा.” मला सांगता येईनात. बायकोनं सांगितले, बोटांवर. सात.

हा आजार आहे, आळस नाही, उद्धटपणा नाही आणि कुणाचा डाव नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा चेहरा पटल्यासारखा दिसला नसावा. मरणाबद्दल सरळ विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मावशीनं विचारलं ते बरोबर विचारलं. गोळ्या लगेच लागू पडत नाहीत, काही आठवडे जातात, त्या आईच्या कुलपात ठेवायच्या. घरातल्या धोक्याच्या वस्तूही हाताशी नकोत. पुन्हा तसं बोलली तर तारखेची वाट न बघता घेऊन यायचं. “आणि ‘तुला काय कमी आहे’ हे वाक्य घरातून काढून टाका,” असं म्हणाल्या. मी त्यांना सांगितलंही नव्हतं. सगळे बाप एकच वाक्य बोलत असणार, आणि प्रत्येकाला वाटत असणार ते आपण शोधलं.

मी विचारलं, “मग मी काय बोलू?”

“कमी बोला. शेजारी बसा.”

हे सोपं वाटतं. करून बघावं. पहिल्या दिवशी मी तिच्या खाटेवर बसलो आणि थोड्याच वेळात माझ्या तोंडून निघालं, “अभ्यासाचं...” जीभ चावली. मग तिला शिकवल्यासारखं म्हणालो, “मनात असेल ते बोल.” ती छताकडे बघत म्हणाली, “बाबा, तुम्हाला हे जमत नाही ना?”

“नाही.”

“मग नुसते बसा.”

नुसता बसलो. कंपनीत आठ तास प्रेशरच्या घड्याळांचे काटे बघत बसतो. आपल्या पोरीजवळ पाव तास बसताना घाम फुटला. खिडकीवरची चादर मी काढली. मी दिवसा झोपायचं असेल तर डोळ्यांवर पंचा बांधतो आणि घरात कुकर शिट्ट्या मारतो. झोप कमी होते. होऊ दे.

मेव्हण्यानं फोन केला. “वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत? उद्या पोरीला स्थळ येईल का?” मी फोन ठेवून दिला. त्याच्याशी ज्या दिवशी सविस्तर बोलेन त्या दिवशी नातं राहणार नाही, म्हणून पुढे ढकलतो आहे.

ती एका सरळ रेषेत बरी झाली असं कुणाला वाटू नये. गणपतीच्या सुमारास पुन्हा घसरली, तीन दिवस भिंतीकडे तोंड. पुन्हा अलिबाग. गोळी बदलली. मग दिवाळीनंतर एकदा आईशी कडाक्याचं भांडली, मासळी कुणी साफ करायची यावरून, आणि मी बाहेर उभा राहून ते भांडण गाणं ऐकावं तसं ऐकलं. आता बारावीला आहे. सायन्सच. पास होईल का, माहीत नाही. मी विचारत नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज गेटवर जाऊन निरोप आहे का ते विचारतो. वॉचमन म्हणतो, “अहो, नाहीये निरोप, असता तर आलो नसतो का?” तरी विचारतो. ही भीती जायची नाही. जाऊही नये, बिनभीतीचा मी कसा होतो ते मी पाहिलं आहे.

मावशीनं आमच्याकडून कधी काही मागितलं नाही. एकदाच मागितलं. गेल्या महिन्यात म्हणाली, खाडीकडच्या तिच्या गावात एक घर आहे, बाप डंपर चालवतो, मुलगी दहावीची, शाळा सोडून आत बसलीय. आईला मावशीनं समजावलं, तिनं मुलीला दाखवूनही आणलं, पण बाप गोळ्या फेकून देतो. नाटकं म्हणतो. “बाईमाणसाचं ऐकत नाय तो. तू येशील काय? तुज्यासारखाच हाय. तुजं ऐकंल.”

मी म्हटलं, शिफ्ट आहे. शिफ्ट नव्हती, सुट्टी होती त्या दिवशी. मला भीती वाटली की गावाला कळेल, आमच्या घरात काय झालं ते तोंडातोंडी होईल. मावशी “बरं” म्हणाली आणि एकटीच गेली, रिक्षानं, त्या गुडघ्यांवर. दोनदा गेली. बापानं तिला दारातूनच परत पाठवलं.

हे मी मुलीला सांगितलं. कसा खोटं बोललो तेही. ती म्हणाली, “माझं नका सांगू कुणाला. तुमचं सांगा. तुम्ही कसे वागलात ते.”

ते सांगायचं म्हणजे सगळ्यात अवघड. लिहून बघितलं, ते हे. तिचं यात जेवढं आलंय ते तिनं वाचून राहू दिलं. यात कुणाचं नाव नाही, आणि तोंडानं बोलायची हिंमत अजून पुरती आलेली नाही. पण मावशी, येणाऱ्या सुट्टीला नाही जमलं तर त्याच्या पुढच्या सुट्टीला, मी तुमच्याबरोबर त्या डंपरवाल्याच्या दारात येईन. तो मला हाकलेल. त्याच्या जागी मी असतो तर हाकललंच असतं. मी पुन्हा येईन. आणि त्याच्यानंतर तुम्ही ज्या ज्या बापाकडे बोट दाखवाल त्याच्याकडे जाईन. तुमचं देणं याच रस्त्यानं थोडंथोडं फिटेल, आणि मी ते फेडणार आहे.